आमदार लिंकन

(वाचनालयाच्या वसंत व्याख्यानमालेतील भाषणाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज, वाचनालयाची मंडळी आणि श्रोतेहो,

पत्रिकेवर माझा विषय ‘अब्राहम लिंकन’ असा छापून आलाय. मी कळवला होता ‘आमदार लिंकन’. छपाईत ‘आमदार’ गळाला. ज्याने गाळला त्याला मी बोल लावत नाही. त्याला मनापासून वाटलं असणार की गुरुजींच्या हातून चुकून काहीतरी लिहिलं गेलंय. लिंकन म्हणजे राष्ट्राध्यक्ष, गुलामांची मुक्तता, यादवी युद्ध, नाटकगृहातली ती गोळी. यात आमदार कुठून आला?

तेच सांगायला मी आलोय. लिंकन १८३४ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, इलिनॉय राज्याच्या विधानसभेवर निवडून आला. मुदत दोन वर्षांची असे. १८३६ला पुन्हा आला, १८३८ला आला, १८४०ला आला. सलग चार वेळा. पुढे वॉशिंग्टनच्या प्रतिनिधीगृहात, म्हणजे आपण खासदार म्हणू तिथे, १८४७ ते ४९ अशी दोनच वर्षं होता. मग बारा वर्षं कुठलंही पद नाही, आणि १८६१ला थेट राष्ट्राध्यक्ष. आता हिशेब करा. राष्ट्राध्यक्ष होण्याआधी सभागृहाचा अनुभव दहा वर्षांचा, आणि त्यातली आठ वर्षं एका मागास, कर्जबाजारी, चिखलाने भरलेल्या राज्याच्या विधानसभेत. माणूस घडला तो तिथे. आणि आपण त्या आठ वर्षांवरून उडी मारून थेट पुतळ्याला हार घालतो.

मला आज एका तारखेविषयी बोलायचंय. ३ मार्च १८३७. ती लक्षात ठेवा, मी तिच्यावर येणार आहे. पण समोर बरीच शिक्षक मंडळी दिसतायत, म्हणून आधी त्या पत्राचं बोलून घेतो. नाहीतर भाषण संपल्यावर चहाच्या वेळी तुम्ही तेच विचारणार.

कुठलं पत्र, ते मी सांगायला नको. लिंकनने मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेलं. महाराष्ट्रात अशी शाळा दाखवा जिथे ते भिंतीवर नाही. जिन्याच्या वळणावर, मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे, काचेच्या चौकटीत. शिक्षक दिनाला ते वाचलं जातं, निरोप समारंभाला वाचलं जातं. मी स्वतः ते कितीतरी मुलांकडून पाठ करून घेतलंय. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं बसवून घेतलंय.

एका वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलीचा तालुक्याला पहिला नंबर आला. टाळ्या वगैरे झाल्या. बक्षीस देताना परीक्षकांतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तिला अगदी प्रेमाने विचारलं, ‘बाळ, या पत्राची तारीख काय गं?’ तिने माझ्याकडे पाहिलं. मला ठाऊक नव्हती. ते काही बोलले नाहीत, हसले आणि ढाल तिच्या हातात दिली. पण मी घरी आलो तो तो प्रश्न बरोबर घेऊनच.

लिंकनचं समग्र लेखन १९५३ ते ५५ या काळात आठ खंडांत छापलं गेलं, वर नववा खंड सूचीचा. दिवाळीच्या सुट्टीत मी शहरातल्या ग्रंथालयात जाऊन बसलो. खंड तारीखवार लावलेले आहेत, शोधायला सोपे. आणि त्यात काय नाही? भाषणं आहेत, तारा आहेत, दोन ओळींच्या चिठ्ठ्या आहेत. न्यू सेलम नावाच्या खेड्यात तो पोस्टमास्तर असताना एका गिऱ्हाइकाने वर्तमानपत्राच्या टपालखर्चाची पावती मागितली. त्यावर १ जुलै १८३४ला लिंकनने त्याला लिहिलेली फणकाऱ्याची चिठ्ठीसुद्धा त्यात आहे. नियमाने पैसे आगाऊ घ्यायचे असतात, मी तुझ्यासाठी वर्षभर थांबलो, आणि तू पावती मागून माझं मन दुखावतोस, अशा अर्थाची. ही चिठ्ठी जगली, छापली गेली. हेडमास्तरांचं पत्र नाही. सूचीत नाही, खंडांत नाही. ते लिंकनने लिहिलेलंच नाही.

हे मी शाळेत सांगितलं. आमचे त्या वेळचे मुख्याध्यापक शांतपणे म्हणाले, ‘सर, मुलांना चांगलं काही मिळतंय ना? मग कुणी लिहिलं याने काय बिघडतं?’ आठवडाभराने रंगाऱ्याला बोलावून त्यांनी तो फलक पुन्हा सोनेरी अक्षरांत रंगवून घेतला. खाली सही, अब्राहम लिंकन.

श्रोतेहो, बिघडतं. जे पत्र मुलांना फसवून मिळवलेल्या यशापेक्षा सरळ आलेलं अपयश पत्करायला सांगतं, त्याच्याखाली खोटी सही ठेवून कसं चालेल? मराठीत ते फार सुंदर उतरलंय. ते मराठीतली एक सुंदर रचना म्हणून लावा, मी स्वतः खिळा ठोकून देतो. पण तारीख विचारणाऱ्या मुलाला गप्प बसवू नका.

आणि मुलांसाठी लिंकनचंच पत्र हवं असेल तर आहे की! २२ जुलै १८६०. दोनच महिन्यांपूर्वी त्याला राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळालेली. घरासमोर माणसांची रीघ. आणि हा बसलाय जॉर्ज लॅथम नावाच्या पोराला पत्र लिहीत. हा लिंकनच्या थोरल्या मुलाचा, रॉबर्टचा मित्र. हार्वर्डच्या प्रवेशपरीक्षेत नापास झाला होता. रॉबर्ट स्वतः आदल्या वर्षी त्याच परीक्षेत नापास झालेला, म्हणजे घरात हे दुःख ओळखीचं होतं. लिंकन लिहितो त्याचा आशय असा: तुझी बातमी वाचून झालं तेवढं दुःख मला आयुष्यात क्वचितच झालं असेल, पण खचू नकोस, प्रयत्न केलास म्हणजे निभावून ने, मनाशी पक्कं केलंस तर तू हरणार नाहीस. ज्या माणसाचं स्वतःचं शाळेत जाणं सगळं मिळून वर्षभराचंही भरत नव्हतं, त्याने लिहिलेलं हे पत्र आहे. हे लावा भिंतीवर. बोर्डाचा निकाल लागतो त्या दिवशी वाचा.

आणखी एक, म्हणजे हा विषय मी सोडतो. आपलं त्या लढ्याशी नातं या पत्रापेक्षा जुनं आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांना दास्यातून सोडवल्याबद्दल. लिंकनला जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. जोतीरावांनी एकट्याचं नाव नाही घातलं. लोकांना अर्पण केली. ही नजर बघा. लोक, म्हणजे त्यात पाद्री आले, छापखानेवाले आले, पळून आलेले गुलाम आले, आणि कुठल्या तरी आडगावच्या विधानसभेत हात वर करणारे आमदारही आले.

तर आता आमदार.

न्यू सेलम हे सँगमन नदीकाठचं, नकाशावर जेमतेम उमटलेलं खेडं. लिंकन तिथे १८३१ला आला. उंची सहा फूट चार इंच, विजार घोट्याच्या वर. भागीदारीत दुकान टाकलं, ते बुडालं. भागीदार वारला आणि सगळं कर्ज याच्या डोक्यावर. तो त्याला ‘राष्ट्रीय कर्ज’ म्हणायचा आणि ते त्याने बरीच वर्षं फेडलं. पोटासाठी पोस्टमास्तरकी, शिवाय जमीन मोजणी. मोजणीला निघताना पत्रं टोपीत घालायची आणि ज्याच्या शेतावर जाऊ त्याला टोपी काढून त्याचं पत्र द्यायचं. आपल्याकडे पोस्टमन आणि तलाठी एकच माणूस असता तर गावाशी त्याची कशी ओळख झाली असती, कल्पना करा. कुणाचा बांध कुठे सरकला आणि कुणाच्या मुलाचं पत्र आलं नाही, दोन्ही त्याला ठाऊक.

एकदा देणेकऱ्यांनी त्याचा घोडा, खोगीर आणि मोजणीचं होकायंत्र जप्त करून लिलावाला काढलं. होकायंत्र गेलं म्हणजे भाकरी गेली. जेम्स शॉर्ट नावाचा शेजारी लिलावात गेला, १२० डॉलरला सगळं सोडवलं आणि लिंकनच्या हातात परत दिलं. हा शॉर्ट मला फार आवडतो. इतिहासात त्याचं एवढंच काम, पण केवढं काम!

पहिली निवडणूक लिंकन हरला. १८३२, तेरा उमेदवार, याचा नंबर आठवा. पण स्वतःच्या गावच्या केंद्रावर ३०० मतांपैकी २७७ याला. आणि तेव्हा मतपत्रिका नव्हती, श्रोतेहो. इलिनॉयमध्ये मत तोंडाने द्यायचं. कारकुनासमोर उभं राहायचं, सगळ्यांच्या देखत नाव मोठ्याने सांगायचं, तो वहीत लिहून घेणार. सावकार मागे उभा, पुढारी बाजूला उभा, आणि तुम्ही म्हणायचं, ‘लिंकन’. असं २७७ जणांनी म्हटलं. पक्षाची लाट नाही, पैसा नाही. ज्याने टोपीतून पत्र काढून दिलं त्याचं नाव घेतलं.

१८३४ला मग तो १,३७६ मतं घेऊन दुसऱ्या क्रमांकाने निवडून आला. निवडून आला खरा, पण सभागृहात घालायला कपडे नाहीत. कोलमन स्मूट नावाच्या शेतकऱ्याकडून २०० डॉलर उसने घेतले, ६० डॉलरचा सूट शिवला आणि घोडागाडीत बसून राजधानीला, व्हँडेलियाला गेला. भत्ता दिवसाला तीन डॉलर. मी हे कौतुकासाठी सांगत नाही. त्या सभागृहात बहुतेक जण असेच शेतकरी, वकील, दुकानदार होते. लिंकन त्यांतला एक होता आणि गडी नवखा होता. कामकाज कसं चालतं, विधेयकाचा मसुदा कसा बांधायचा, हे तो बसून शिकला. त्याच्या खोलीत राहणारे जॉन टॉड स्टुअर्ट वकील होते. त्यांनी त्याला कायद्याची पुस्तकं दिली. ती वाचून १८३६ला वकिलीची सनद मिळाली. म्हणजे वकिलीसुद्धा आमदारकीच्या पोटातून जन्मली.

पहिल्याच अधिवेशनातला एक किस्सा. एका काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, मोजणी अधिकाऱ्याची जागा रिकामी झाली म्हणून सभागृहाने दुसऱ्या माणसाचं नाव सुचवलं. मागाहून कळलं, जुना अधिकारी मेलेलाच नाही, जिवंत आहे. आता हे नाव मागे कसं घ्यायचं, यावर चर्चा सुरू. लिंकन उठला आणि म्हणाला, असू द्या आहे तसं. जुने गृहस्थ न मरण्याचा हट्ट धरून आहेत तोवर नवीन माणूस त्यांना हटवू शकत नाही, आणि पुढेमागे त्यांनी मरायचं ठरवलंच तर माणूस तयार असेल, विधानसभेला पुन्हा त्रास नको. (हशा) हो, हसा. तेही हसले. तिथून सभागृहाने याच्याकडे कान द्यायला सुरुवात केली, असं माझं मत आहे.

आता राजधानी. हा भाग रंगतदार आहे आणि आपल्याला चटकन कळणारा आहे. व्हँडेलियाची मुदत वीस वर्षांची होती, ती संपत आलेली. प्रत्येक गावाला राजधानी हवी. सँगमन काउंटीने १८३६ला सात आमदार आणि वरच्या सभागृहात दोन, असे नऊ जण पाठवले. नऊही जण सहा फुटांच्या आसपास. सगळ्यांची उंची मिळवली तर चोपन्न फूट, म्हणून नाव पडलं ‘लाँग नाइन’. नऊ उंच. या नवांना राजधानी स्प्रिंगफील्डला न्यायची होती आणि त्यांचा सूत्रधार लिंकन. व्हँडेलियाच्या लोकांनी घाईघाईने नवं विधानभवन बांधून दिलं, का तर एवढी इमारत टाकून कोण जाईल! डिसेंबरात आमदार आले तेव्हा भिंतींचं प्लास्टर अजून ओलं होतं. २८ फेब्रुवारी १८३७ला, मतदानाच्या चौथ्या फेरीत, राजधानी स्प्रिंगफील्डला गेली.

त्याच अधिवेशनात सार्वजनिक कामांचा प्रचंड कायदा झाला. एक कोटी डॉलरची कामं, कर्जरोखे काढून. रेल्वे, कालवे, नद्यांची दुरुस्ती. आणि ज्या काउंटीतून रेल्वे जाणार नाही तिला रोख वाटा, त्यासाठी दोन लाख डॉलर बाजूला. ओळखीचं वाटतंय ना? एका तालुक्याला धरण दिलं की दुसऱ्याला पूल द्यावा लागतो. विरोधकांनी आरोप केला की लाँग नाइननी राजधानीची मतं या कामांच्या बदल्यात विकत घेतली. पुढे गव्हर्नर झालेले थॉमस फोर्ड यांनी तसं लिहूनही ठेवलं. दुसरी बाजू मांडली पॉल सायमन यांनी. ते स्वतः आधी इलिनॉयच्या विधिमंडळात आणि पुढे अमेरिकी सिनेटमध्ये होते. त्यांनी मतदानाच्या नोंदी चाळल्या आणि सौदा सिद्ध होत नाही असं दाखवलं. मला सायमन पटतात, कारण मतांचा हिशेब कसा होतो हे आतून माहीत असलेला माणूस बोलतोय.

पण एक डाग मी लपवणार नाही. तो कायदा राज्याला बुडवून गेला. १८३७च्या वसंतातच देशभर आर्थिक अरिष्ट आलं, रोखे कुणी घेईना, व्याज थकलं. पूर्ण झालेला एकच रेल्वेतुकडा राज्याने पुढे एकवीस हजार डॉलरच्या आसपास कवडीमोलाने विकला. कर्ज फिटायला १८८० उजाडलं. लिंकन या कायद्याच्या पुढाऱ्यांत होता. आपल्याला इलिनॉयचा डविट क्लिंटन व्हायचंय, असं तो मित्राला म्हणाला होता. क्लिंटन म्हणजे न्यूयॉर्कचा ईरी कालवा बांधणारा गव्हर्नर. स्वप्न फसलं. पण तो पळाला नाही. अर्थसमितीत बसून डबघाईतून वाट काढायच्या योजना मांडत राहिला. त्याही फसल्या. १८३८ला काउंटीत सगळ्यांत जास्त मतं त्याला होती, १८४०ला निवडून आलेल्यांत सगळ्यांत कमी. लोकांनी त्याला बरोबर तेवढंच सांगितलं.

आणि तरी स्वतःच्या खिशाचं बघा. १५ एप्रिल १८३७. राजधानी आणणारा आमदार नव्या राजधानीत राहायला येतो तो उसन्या घोड्यावर, दोन खोगीरपिशव्या घेऊन. जोशुआ स्पीडच्या दुकानात अंथरूण-पांघरुणाची किंमत विचारतो. सतरा डॉलर. एवढे नाहीत, म्हणतो, नाताळपर्यंत उधार द्याल का, वकिली चालली तर देईन, नाही चालली तर सांगता येत नाही. स्पीड म्हणतो, वर माझी मोठी खाट आहे, तिच्यावर झोप. लिंकन पिशव्या घेऊन जिना चढतो, वर टाकतो, खाली येतो आणि म्हणतो, ‘स्पीड, आलो मी राहायला.’ स्प्रिंगफील्डला राजधानीसाठी पन्नास हजार डॉलर भरायचे होते. त्याच्या शेवटच्या हप्त्याच्या, १६,६६६ डॉलर ६७ सेंटच्या वचनचिठ्ठीवर १०१ नागरिकांनी सह्या केल्या, त्यात या गादी उधार मागणाऱ्याचीही सही आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय. दहा मिनिटं. पण खिडकीची गोष्ट सांगितल्याशिवाय मला जाता येणार नाही. क्रम थोडा पुढेमागे होईल.

डिसेंबर १८४०. राज्याच्या बँकेला नोटांच्या बदल्यात नाणी देण्यापासून सवलत होती, ती अधिवेशन संपताच संपणार होती. डेमोक्रॅट्सना अधिवेशन संपवायचं होतं, म्हणजे बँक अडचणीत. लिंकनच्या व्हिग पक्षाला ते लांबवायचं होतं. उपाय कुठला? गणपूर्ती, म्हणजे कामकाजाला लागणारी किमान हजेरी, होऊ द्यायची नाही. व्हिग आमदार सभागृहात फिरकलेच नाहीत. स्प्रिंगफील्डचं विधानभवन अजून बांधून पुरं झालं नव्हतं म्हणून सभा भरत होती एका चर्चमध्ये. लिंकन आणि दोघे साथीदार तेवढे आत, प्रत्येक वेळी मतमोजणीची मागणी करायला. तेवढ्यात आजारी, गैरहजर असे काही डेमोक्रॅट्स गोळा करून आणले गेले आणि दारं बंद झाली. तिघांच्या लक्षात आलं, आपल्यालाच धरून गणपूर्ती भरतेय! दार बंद. मग उघडली खिडकी आणि टाकल्या उड्या. तिघांनीही. उपयोग शून्य, कारण हजेरी आधीच लागली होती. दुसऱ्या पक्षाच्या वर्तमानपत्राने खिल्ली उडवली की लिंकनसाहेबांना इजा होण्याचं कारणच नव्हतं, त्यांचे पाय खिडकीतून जवळजवळ जमिनीला टेकत होते. आता विधानभवनावर आणखी एक मजला चढवावा, म्हणजे सदस्यांना पन्हाळीवरून उतरावं लागेल. (हशा)

लिंकनला पुढे या उडीचा विषय काढलेला आवडत नसे. पण युक्ती जिवंत आहे. ऑगस्ट २०२५मध्ये मतदारसंघांच्या फेररचनेवरून टेक्सासचे पन्नासच्या वर डेमोक्रॅट आमदार गणपूर्ती मोडायला राज्याबाहेर गेले. कुठे? इलिनॉयला. आपल्याकडे आमदार राज्याबाहेर जाऊन कुठल्या हॉटेलात राहिले ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे, त्यात मी शिरत नाही.

पाच मिनिटं राहिली. ३ मार्च १८३७.

त्या वर्षी दक्षिणेतल्या गुलामगिरीवाल्या राज्यांनी उत्तरेतल्या विधिमंडळांकडे मागणी केली की गुलामगिरी-विरोधी संघटनांचा निषेध करा. इलिनॉयने केला. २० जानेवारीला विधानसभेत ठराव आला: गुलामांवरचा मालकी हक्क पवित्र आहे, अशा अर्थाचा. ७७ विरुद्ध ६. सहांत लिंकन. वय अठ्ठावीसही पूर्ण नाही. तेव्हा तो गप्प बसला. कारण राजधानीचं मतदान बाकी होतं आणि एकेक मत लाखमोलाचं होतं. मी हे झाकत नाही. मला यातच आमदार दिसतो. २८ फेब्रुवारीला राजधानी जिंकली. चौथ्या दिवशी, ३ मार्चला, त्याने सभागृहाच्या कामकाजात लेखी निषेध नोंदवला. गुलामगिरी ही अन्यायावर आणि वाईट धोरणावर उभी आहे, असं त्यात लिहिलं. पुढे लगेच लिहिलं की गुलामगिरी मोडण्याच्या प्रचाराने तिचे दुष्परिणाम कमी होण्याऐवजी वाढतात. राज्यांतल्या गुलामगिरीत केंद्राने हात घालू नये, हेही लिहिलं. आणि वॉशिंग्टन शहरापुरता मात्र केंद्राला अधिकार आहे, तिथल्या लोकांनी मागणी केली तर तो वापरावा.

आज वाचताना हे पाणचट वाटेल. मलाही तरुणपणी वाटलं. याच लिंकनने आदल्या वर्षी जाहीर पत्रात मताचा हक्क मागितला होता तो कर भरणाऱ्या किंवा शस्त्र धरणाऱ्या गोऱ्यांसाठी. बायकांना वगळू नये असं मात्र त्यात आवर्जून लिहिलं होतं. पण ते राज्य कुठलं होतं ते बघा. आठच महिन्यांनी, ७ नोव्हेंबरला, त्याच इलिनॉयच्या आल्टन गावात एलायजा लव्हजॉय या संपादकाला जमावाने गोळ्या घातल्या. गुलामगिरीविरुद्ध छापतो म्हणून. त्याची छपाईयंत्रं आधी तीनदा फोडून झाली होती. अशा राज्यात मतं मागून जगणाऱ्या माणसाने ‘अन्याय’ हा शब्द सरकारी कागदावर लिहून खाली सही केली. सोबत कुणी सही करावी म्हणून पाहिलं, तर एकच मिळाला, डॅन स्टोन. आणि स्टोन न्यायाधीश होणार होता, त्याला पुन्हा मतं मागायला जायचं नव्हतं. लिंकनला जायचं होतं. तो गेला, १८३८ला, आणि पहिला आला.

त्यानंतर मला १८५४ सविस्तर सांगायचं होतं. पुन्हा आमदार म्हणून निवडून आला आणि अमेरिकी सिनेटसाठी उभं राहता यावं म्हणून जागा सोडली. सिनेटरांना तेव्हा राज्यातले आमदार निवडत. पहिल्या फेरीत याला ४४ मतं, लायमन ट्रम्बुलला ५. शेवटी दास्याचा विस्तार रोखणारा माणूस निवडून यावा म्हणून ४४वाल्याने आपली माणसं ५वाल्याच्या मागे उभी केली. मतं मोजायला आणि सोडायला, दोन्ही तो व्हँडेलियात शिकला होता. एवढ्यावर थांबवतो, वेळ नाही.

शेवटचं. जून १८६०. राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचारासाठी त्याच्याकडे आयुष्याची हकिगत मागितली गेली. त्याने लिहून दिली. तेवीस वर्षांपूर्वीचा तो निषेध त्याने विधानसभेच्या छापील कामकाजातून काढून त्यात घातला, आणि लिहिलं की गुलामगिरीबद्दल माझी भूमिका तेव्हा जी होती, तीच तेवढ्यापुरती आजही आहे. आणि १६ एप्रिल १८६२ला वॉशिंग्टन शहरातली गुलामगिरी संपवणारा कायदा त्याच्या टेबलावर आला. तीन हजारांवर माणसं त्या दिवशी मोकळी झाली. ३ मार्चच्या कागदावरचं शेवटचं कलम याच शहराबद्दल होतं. सही मात्र या वेळी एकट्याची, आणि खाली सँगमन काउंटीचा प्रतिनिधी असं लिहिलेलं नव्हतं.

अध्यक्ष उभे राहिलेत. बसतो.